पंक-संगीत आणि तबकडीची साक्ष

‘पंक’ हा शब्द कानी पडताच आपल्या वाचकांना संस्कृतातला चिखल आठवेल. इंग्रजीतही या शब्दाला प्रतिष्ठा नाही. उनाड, टुकार पोराला लावावयाचे ते विशेषण. या नावाचे वेगवान आणि कर्कश संगीत १९७६ साली इंग्लंडात गाजू लागले. गाणारा व ऐकणारा यांच्यामध्ये व्यासपीठाचे अंतर नको, हा त्याचा आग्रह. प्रत्यक्ष प्रयोगाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या या कलेच्या भक्तांचा जीव निर्जीव तबकडीवर इतका का जडावा? मला हा विरोध वरवरचा वाटतो. मात्र त्याचा उलगडा करू लागलो की आपल्या संगीताविषयीही एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो.

१ डिसेंबर १९७६ रोजी ‘सेक्स पिस्टल्स’ या वृंदाने दूरचित्रवाणीवर अपशब्द उच्चारले. त्यानंतर त्यांच्या ठरलेल्या दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. डर्बीच्या नगरपालिकेने तर कार्यक्रम आधी आम्हांला खाजगीत करून दाखवा, अशी अट घातली. (गुन्हा घडण्यापूर्वीच आरोपीला पिंजऱ्यात उभे करण्याचा हा प्रकार वकिलाच्या नजरेतून सुटणे कठीण.) वेल्समधील केअरफिली येथे कार्यक्रम झाला, तेव्हा बाहेर जमलेल्या भाविकांनी निषेध म्हणून नाताळची भक्तिगीते म्हटली. आपल्यापैकी पुष्कळांची सहानुभूती या बाहेरच्या मंडळींकडे जाईल. त्यात मला वावगे वाटत नाही. पण सभागृहांची दारे बंद झाल्यावर दूर गावातल्या रसिकाच्या हाती उरली ती तबकडीच.

त्याच महिन्याच्या अखेरीस मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ वृंदाने चार गीते मुद्रित केली व ‘स्पायरल स्क्रॅच’ या नावाने जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. सुमारे पाचशे पौंड उसने घेतले होते. पहिल्या हजार प्रती काढल्या. नावाचा अर्थ ‘सर्पिल ओरखडा’, म्हणजे तबकडीवरची रेघच. वेष्टनावर प्रत्येक गीत कितव्या प्रयत्नात साधले, त्यावर मागाहून काय चढविले, हे छापले आहे. कलावंताने आपल्या कृतीसोबत तिचा पंचनामाही जोडून द्यावा, हे मला फार आवडले. ‘बोअरडम’ या गीतातील गिटारचे एकलवादन तर केवळ दोन स्वरांचे आहे. तेच दोन स्वर पुनःपुन्हा येतात. प्रथम हसू येते, मग राग येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात कळते की कंटाळ्याचे याहून प्रामाणिक चित्र दुसऱ्या कशाने झाले नसते. हे तिसऱ्यांदा ऐकणे सभागृहात घडत नाही. ते घरी, तबकडी उलटसुलट करीत बसलेल्या माणसालाच लाभते. शिवाय गायक हॉवर्ड डिव्होटो थोड्याच दिवसांत वृंद सोडून गेला. ज्यांनी त्या वेळी त्याला समोर ऐकले नाही, त्यांच्यापुरता तो वृंदातला आवाज ओरखड्यातच राहिला.

२०२० च्या महामारीत सभागृहे पुन्हा मिटली, आणि या वेळी नगरपालिकेला दोष देण्याचीही सोय नव्हती. त्याच वर्षाच्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडींच्या पुढे गेली. १९८० च्या दशकानंतर असे प्रथमच घडले. याला कोणी संग्राहकाचा छंद म्हणेल. मी म्हणणार नाही. पंकचे गीत दोन-तीन मिनिटांचे, म्हणजे जन्मतःच लहान तबकडीच्या मापाचे. तिच्यावर चढताना त्याचा एकही अवयव तोडावा लागत नाही.

आपली अडचण येथे सुरू होते. जुन्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, आणि खयाल तेवढ्यात नीट बसतही नाही. पंकचा पहिला बहर आला त्याच १९७७ साली केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली; बाईंचे निधन त्याच सप्टेंबरात झाले. त्या साडेतीन मिनिटांचे तेज कोण नाकारील? पण बाईंचा खयाल मैफलीत ज्यांनी ऐकला त्यांच्या दृष्टीने ती ओंजळभर भैरवी म्हणजे नदीचा पुरावा म्हणून आणलेले तांब्याभर पाणी. तेव्हा तबकडीवर समाधान मानण्याचा अधिकार आपल्यापेक्षा त्या उनाड पोरांना अधिक पोचतो, असे कबूल करावे लागते.

अर्थात त्यांचाही अधिकार गीतापुरता आहे, सभेपुरता नाही. ‘स्पायरल स्क्रॅच’मध्ये ऐकणाऱ्यांचा कल्ला नाही, जी अंतर मिटविण्याची प्रतिज्ञा होती तिचा अर्धा भाग मुद्रणालयात शिरलाच नाही. भजनाच्या बाबतीत तर हा अर्धा भाग म्हणजेच भजन. बुवांनी ओळ टाकायची आणि मंडळींनी ती उचलायची. २०२० साली देवळे बंद असताना घरोघरी मुद्रित भजने लागली, ते युक्तच होते. पण दारे उघडून वर्षे लोटली तरी काही देवळांत अभंग अजून ध्वनिक्षेपकावरून येतो, आरतीच्या वेळी ढोल आणि घंटा विजेवर वाजतात, आणि कोपऱ्यात पखवाज गवसणीत पडून असतो.