कुलूप, वायफाय आणि सरासरी

झिगबीवर चालणारी कुलुपं कॅम्पसच्या वायफायसोबत सुखाने नांदतात, हे पटवायला सरासरी पॅकेट-लॉस दाखवतात. माझा आक्षेप त्या सरासरीलाच आहे. दोघांचा पट्टा एकच, २.४ गिगाहर्ट्झ. वायफाय १, ६, ११ वर असेल तर झिगबीचे १५, २०, २५, २६ बऱ्यापैकी मोकळे. पण कुणी ३ वर हॉटस्पॉट लावला की १५ गेलाच! तास सुटल्यावरची फोनांची गर्दी रिकाम्या इमारतीतल्या चाचणीत कशी दिसणार? एरवी दार उघडतं, कारण बरीच कुलुपं स्वतःकडच्या यादीवरून ठरवतात. हरवलेलं कार्ड रद्द झाल्याचा निरोप मात्र हवेतूनच यायचा. तो अडकला तर सापडलेल्या कार्डाने कुणीही आत शिरेल. त्या निरोपाला जास्तीत जास्त किती उशीर झाला, तो आकडा दाखवा.