‘ट्रेझर आयलंड’ : श्रोत्यांचे ऐकणे आणि न ऐकणे

वोल्फगांग इझरचा ‘अंतर्निहित वाचक’ संहितेतून घडतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’चे श्रोते मात्र संहिता आकारत असतानाच तिच्याजवळ बसलेले आढळतात. स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे १८८१ साली स्टीव्हन्सन रोज एक प्रकरण लिहून घरच्यांना वाचून दाखवीत असे. तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड याची अट होती, कथेत स्त्री नको. वडील टॉमस यांनी बिली बोन्सच्या पेटीतील वस्तूंची यादीच लिफाफ्याच्या पाठीवर लिहून दिली. फ्लिंटच्या जहाजाचे ‘वॉलरस’ हे नावही त्यांच्याच आग्रहाचे. ‘माय फर्स्ट बुक’ (१८९४) या लेखात स्टीव्हन्सनने हे ऋण मोकळेपणी मान्य केले आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते.

लेखकाचे खरे उत्तर कबुलीत नव्हे, चौथ्या प्रकरणात आहे. पेटी टॉमस यांनी भरलेली. ती उघडते जिमची आई, म्हणजे लॉइडने वर्ज्य ठरविलेली स्त्री! चाचे येऊ घातलेले असताना ही विधवा आपले येणे तेवढेच, गिनी निवडून मोजत बसते. अधिक नको, उणेही नको. या हिशेबीपणाने जीव धोक्यात येतो, हे खरे. पण द्रव्यलोभी पुरुषांच्या या कादंबरीत न्याय्य देण्याघेण्याचे माप प्रथम तिच्या हाती दिसते. अट पाळली गेली ती बेटावर, उंबरठ्यावर नव्हे.

पुस्तकासाठी (१८८३) पाठविलेला मूळ नकाशा गहाळ झाला. नवा नकाशा वडिलांच्या कार्यालयात तयार झाला, त्यावर फ्लिंटची बनावट सहीही टॉमस यांनीच केली. स्टीव्हन्सनला मात्र त्यात आपले बेट पुन्हा दिसले नाही.