दोष आपल्याच पदरी

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक व रोगराईने दगावली. शंभर वर्षांनी तेथील लोकसाहित्य आयोगाने वाचलेल्यांच्या मुला-नातवंडांकडून आठवणी टिपल्या. काहल पोर्टेर यांचा ‘फॅमिन एकोज’ (१९९५) हा संग्रह त्यांतूनच सिद्ध झाला. विषयवार कातरणीमुळे निवेदकाचा सलग सूर हरवतो, ही आमची तक्रार. तरीही एका ठिकाणी आम्ही थबकलो. सुकाळात बटाटे मातीमोल केले म्हणून परमेश्वर कोपला, असे काही निवेदक सांगतात. करपा बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचा, धान्य तर बंदरांतून परदेशी जातच होते, जमीनदार कुळांना घराबाहेर काढत होते. भुकेलेल्यांच्या वंशजांनी मात्र पापाचा वाटा आपल्याच आजोबांच्या पदरी घातला.