डॉक्टर चौकटीबाहेर असतो तेव्हा

रायबॉस नावाच्या एका गोठलेल्या ग्रहावर बिन्रो हा म्हातारा राहतो. आकाशातले दिवे म्हणजे बर्फाचे खडे आणि ऋतुबदल म्हणजे सूर्यदेव व हिमदेव यांची लढाई, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. बिन्रोने मात्र त्या दिव्यांची गती वर्षानुवर्षे न्याहाळली, ते दूरचे सूर्य आहेत असे तो उघड बोलला, आणि छळापुढे नमून एक दिवस त्याने आपले म्हणणे मागेही घेतले. आता पाखंडी एवढीच त्याची ओळख उरली आहे. अशा माणसाच्या आसऱ्याला एका रात्री शिपायांना चुकवत अनस्टॉफ येतो. हा परग्रहावरून आलेला भामटा. आपण इथलेच साधेभोळे गावकरी आहोत असे भासवून गिऱ्हाईक गळाला लावणे हा त्याचा धंदा. बिन्रोची कहाणी ऐकून तो हळूच सांगून टाकतो की तुझेच खरे होते, मी त्यातल्याच एका ताऱ्याकडून आलो आहे, आणि एक दिवस इथली माणसेही हे मान्य करतील.

१९७८ साली बीबीसीवर आलेल्या ‘डॉक्टर हू’मधल्या ‘द रायबॉस ऑपरेशन’ या कथेतला हा प्रसंग. लेखक रॉबर्ट होम्स. यातली कारागिरी आपण जरा जवळून पाहू. सत्याचा हा निर्वाळा होम्सने मालिकेच्या सर्वज्ञ नायकाच्या, म्हणजे डॉक्टरच्या, तोंडी घातला असता, तर ते एक उत्तम व्याख्यान झाले असते. त्याने तो दिला आहे खोटे बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाकडे. आणि हे एक खरे वाक्य उच्चारण्यासाठी त्या बिचाऱ्याला आपले सोंग, म्हणजे आपले एकमेव संरक्षण, उतरवून ठेवावे लागते. म्हणूनच त्या वाक्याला मोल येते. पुढे बिन्रो त्याच्यासाठी जीव देतो, तेव्हा ते आपल्याला अतिरंजित वाटत नाही; जन्मभराचे ऋण एका माणसाने आपल्यापुरते फेडले, इतकेच वाटते.

या प्रसंगात डॉक्टर नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या या मालिकेचा नायक कोणा एका लेखकाच्या मालकीचा नाही. १९६६ पासून तो चेहराही बदलत आला. निळ्या पोलीस-पेटीच्या रूपातले त्याचे कालयान टार्डिस तर सर्वांच्या सामाईक वहिवाटीचेच. बंदिश सगळ्यांची असते, गवई ओळखू येतो तो त्याने घेतलेल्या जागांवरून. तसा इथला लेखक ओळखू येतो तो दुय्यम पात्रांवरून.

पुढच्याच वर्षी, १९७९मध्ये, डग्लस अ‍ॅडम्स मालिकेचा पटकथा-संपादक होता. ‘सिटी ऑफ डेथ’ ही पॅरिसमधली कथा डेव्हिड अ‍ॅग्न्यू या टोपणनावाने आली, पण तिच्या लेखनामागचा अ‍ॅडम्सचा हात लपत नाही. एका कलादालनात ठेवलेल्या टार्डिससमोर दोन रसिक उभे आहेत (जॉन क्लीझ आणि एलिनॉर ब्रॉन), आणि तिच्या रंगरेषांचे, तिच्या निरुपयोगी असण्यातल्या सौंदर्याचे अत्यंत गंभीर विवेचन चालले आहे. एवढ्यात डॉक्टर आणि मंडळी धावत येऊन पेटीत शिरतात आणि पेटी डोळ्यांदेखत विरून जाते. रसिकद्वय जराही विचलित होत नाही. नाहीसे होणे हाही त्या कलाकृतीचाच भाग! जगाच्या विनाशाकडे चाललेल्या कथेत मिनिटभर थांबून ही गंमत करावी, हे अ‍ॅडम्सलाच सुचावे. त्या हसण्यात थोडे आपल्यासारख्या आस्वादकांवरचे हसणेही आहेच, आणि ते आपण आनंदाने सोसावे.

स्टीव्हन मॉफॅटचा ‘ब्लिंक’ हा २००७ सालचा भाग तर जवळजवळ सगळाच डॉक्टरविना चालतो. बिली शिप्टन हा तरुण पोलीस सॅली स्पॅरो या तरुणीशी लाडीगोडी करून तिचा फोन नंबर मिळवतो, आणि पाठोपाठ पाषाणदेवदूत नावाच्या पुतळ्यांच्या स्पर्शाने १९६९मध्ये फेकला जातो. सॅलीचा फोन वाजतो, ती रुग्णालयात पोचते, तर खाटेवर तोच बिली, आता मरणासन्न म्हातारा. त्याची अडतीस वर्षे गेली, तिची अजून संध्याकाळही सरलेली नाही. बाहेर अजून त्यांच्या पहिल्या भेटीतलाच पाऊस पडतो आहे, आणि तो थांबेपर्यंतच बिलीचे आयुष्य आहे. काळप्रवासाचे अवघे गणित मॉफॅटने त्या एका सरीत बसवले. अद्भुताची किंमत कोणा साध्या माणसाने किती दिवसांनी मोजली, हा हिशेब त्याच्या लेखणीची खूण आहे.

होम्सने उपेक्षिताला न्याय दिला, अ‍ॅडम्सने वाटेवरच्या बघ्यांना विनोद दिला, मॉफॅटने क्षणभराच्या ओळखीला अख्खे आयुष्य दिले. एवढ्या दशकांत जग वाचवण्याचे प्रसंग इतके झाले की ते एकमेकांत मिसळून जातात. बिन्रो आणि बिली मात्र मिसळत नाहीत. दीर्घ मालिका नायकाच्या पराक्रमावर सुरू होते खरी, पण ताजी राहते ती अशा चार-दोन मिनिटांच्या माणसांवर, कारण तेवढ्याच जागेत लेखकाला कोणाचा वारसा सांभाळायचा नसतो आणि तो मोकळेपणाने स्वतःसारखा लिहू शकतो.