धर्मांतर, अध्यापन आणि आश्रम : वंदना माताजींच्या 'गुरूज, आश्रम्स अँड ख्रिश्चन्स' या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या स्त्रीच्या जीवनाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संदर्भात झालेला आहे. या दोघींचा प्रवास कॅथलिक पंथाबाहेरचा. कॅथलिक पंथ स्वीकारून अध्यापनाचे व्रत घेणारी धर्मभगिनी मात्र या चर्चेत क्वचितच येते. मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या गूल धल्ला, म्हणजेच पुढे वंदना माताजी या नावाने ओळखल्या गेलेल्या लेखिका, या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात. लंडनहून १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या आधारे धर्मांतर म्हणजे संस्कृतित्याग होय काय, या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिक्षिकेचे शिष्यत्व :
वंदना माताजींनी ज्या सेक्रेड हार्ट संघात प्रवेश केला, तो मादलेन सोफी बारा यांनी १८०० मध्ये फ्रान्समध्ये स्थापन केला. मुलींचे शिक्षण हे या संघाचे मुख्य कार्य होय. मुंबईचे सोफिया महाविद्यालय त्याच परंपरेतील आहे. १९६४ पर्यंत या संघाच्या भगिनींवर मठाबाहेर जाण्याचे कडक निर्बंध होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) हे वातावरण पालटले. परिषदेच्या १९६५ च्या जाहीरनाम्याने अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, ते चर्च नाकारीत नाही, अशी भूमिका घेतली. संघाच्या भारतातील प्रांताधिकारी राहिलेल्या वंदना माताजी पुढे हृषीकेशला गेल्या. शिवानंद आश्रमातील सहवासाची आणि स्वामी चिदानंदांच्या परिचयाची पार्श्वभूमी या ग्रंथाला आहे.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य या भूमिकाबदलात आहे. शिकविणे हाच जिचा धर्म, ती स्त्री येथे शिकण्यासाठी बसते. मिशनरी लेखनात ख्रिस्ती व्यक्ती बहुधा देणारी असते आणि भारतीय समाज घेणारा. वंदना माताजी हे नाते उलटे करतात. गुरू कोणास म्हणावे, आश्रम आणि संस्था यांत भेद कोणता, ख्रिस्ती माणसाने यांतून काय घ्यावे, हे त्यांचे प्रश्न आहेत. वर्ग, परीक्षा आणि वेळापत्रक यांत आयुष्य गेलेल्या शिक्षिकेने ते विचारावेत, याला निराळे वजन प्राप्त होते.

रमाबाईंचे अपुरे राहिलेले मागणे :
या ग्रंथामागे पुण्याचा एक इतिहास उभा आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात सेक्रेड हार्टच्या कॅथलिक भगिनी व वान्टेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या भगिनी एकत्र राहू लागल्या. रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा मिळाला, तो याच वान्टेज संघाच्या आश्रयाने. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. तथापि याच आजीबाईंशी त्यांचे खटके उडाले. क्रूसावरील अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नसावीत, असा रमाबाईंचा रोख होता. त्यांचा शाकाहारही भगिनींना अहंकाराचे लक्षण वाटे. ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या १९७७ च्या पत्रसंग्रहात हा संघर्ष पाहावयास मिळतो.

रमाबाईंना जे मागूनही मिळाले नाही, ते सुमारे नव्वद वर्षांनंतर त्याच संघाच्या भगिनी पुण्यात स्वतःहून स्वीकारीत होत्या. वंदना माताजींचे यश या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. परंतु एक भेद नजरेआड करता येत नाही. रमाबाईंनी संस्कृत मागितले, तरी स्त्री आणि शूद्र यांना नाकारणाऱ्या शास्त्रांशी त्यांचे भांडण कायम राहिले. वंदना माताजींच्या ग्रंथात परंपरेविषयीचा आदर आहे. त्या मानाने तिच्याशी भांडण फारच थोडे आहे.

मुळे कोणाची? :
येथेच ग्रंथाची मर्यादा आरंभ होते. त्यातील भारतीयत्वाचा गाभा वेदान्त आणि संन्यासपरंपरा हा आहे. लेखिका जन्माने पारशी; म्हणजे हे भारतीयत्व त्यांना वारशाने मिळालेले नसून त्यांनी निवडलेले आहे. निवड करणे गैर नव्हे. मात्र एका प्रवाहाची निवड संपूर्ण भारताच्या नावाने मांडली गेली, की अन्य प्रवाह झाकले जातात. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर टीका केली, ती हिंदू प्रतीकांच्या वापराविषयी संशय घेऊन. त्याआधीच १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी शूद्रांचे ईश्वरशास्त्र मांडावे, असे आवाहन करून भारतीय ख्रिस्ती चिंतनाच्या ब्राह्मणी वळणावर बोट ठेवले होते. पहिली टीका हेतूंविषयी आहे, दुसरी निवडीविषयी. ग्रंथातील प्रामाणिक शिष्यभाव पाहता पहिली फारशी टिकत नाही. दुसरीचे उत्तर मात्र ग्रंथात मिळत नाही.

मराठीत निराळे मार्ग उपलब्ध होते. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले; ना. वा. टिळकांनी अभंग स्वीकारला. दोघांनीही लोकांच्या ओठांवरचे छंद घेतले. आणखी एक वाट तर त्या आश्रमाच्याच पूर्वेतिहासात आहे. जॅक विन्सलो यांच्या १९२२ च्या ख्रिस्त सेवा संघात १९२७ मध्ये आलेले व्हेरिअर एल्विन पुढे गोंडांमध्ये राहावयास गेले आणि अखेर चर्चमधून बाहेर पडले. पुण्याच्या याच परंपरेतून एक पाऊल हृषीकेशकडे गेले, दुसरे अरण्याकडे.

नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात हा प्रश्न केवळ ग्रंथापुरता राहत नाही. भिल्ल किंवा पावरा कुटुंबातील एखादी मुलगी ख्रिस्ती होऊन शिक्षिका झाली, तर तिची मुळे उपनिषदांत शोधावयाची की याहामोगीच्या, होळीच्या आणि स्वतःच्या बोलीतील गाण्यांत? तिच्यासाठी गंगाकाठचा आश्रम हा लॅटिन क्रूसाइतकाच परका ठरण्याची शक्यता आहे.

निष्कर्ष :
धर्म बदलल्याने संस्कृती सोडावी लागत नाही, हे वंदना माताजींनी विवेचनापेक्षाही स्वतःच्या जगण्याने दाखविले. शिक्षिकेने शिष्य व्हावे, हा त्यांच्या ग्रंथाचा टिकाऊ विचार होय. मात्र कोणाचे शिष्य व्हावे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर एकाच दिशेचे आहे. तोच शिष्यभाव गुरूच्या आसनापुढून उठून पाड्यावरच्या आजीपुढे बसेल, तेव्हा त्यांचे अपुरे राहिलेले काम पुढे जाईल.