भिंत की दार?

बल्लारपूरच्या शिक्षकांना जाळरेषा ठाऊक असते. वणव्याच्या हंगामापूर्वी वनखाते जंगलात पट्टा साफ करून ठेवते, म्हणजे आग पुढे सरकत नाही. संगणकातील 'फायरवॉल' म्हणजे अशीच आडकाठी, असे आम्हीही सांगत आलो. मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर एमसीपी सर्व्हर' या साधनसंचाची माहिती वाचताना मात्र ही उपमा अपुरी पडली.

एआय एजंट, म्हणजे सूचनेवरून स्वतः कामे उरकणारी प्रणाली, या संचातील एका साधनाने एसक्यूएल सर्व्हरसाठी फायरवॉलचा नियम तयार करू शकते. द्यायचे काय? सर्व्हर कोणता, नियमाचे नाव, पहिला आयपी पत्ता, शेवटचा पत्ता. सोपे आहे. पण येथे भिंत आधीपासूनच असते. प्रत्येक नियम तिच्यात दार पाडतो! ०.०.०.० ते २५५.२५५.२५५.२५५ लिहिले, की सुमारे ४२९ कोटी पत्त्यांना वाट मोकळी. दोन्हीकडे ०.०.०.० लिहिले, तर वाटते एकच पत्ता. प्रत्यक्षात अझूरमधील सर्व सेवांना, परक्या ग्राहकांच्या सेवांनाही, मुभा मिळते. पासवर्ड लागतोच, पण मग राखण त्याच्या एकट्याच्या भरवशावर.

मुरलेला तंत्रज्ञ हे जाणतो. एजंट साधन निवडताना त्याच्या वर्णनावर विसंबतो, म्हणून हा परिणाम वर्णनाच्या पहिल्याच ओळीत हवा. 'जोडणी होत नाही' अशी तक्रार आली, की सर्वांत रुंद दार हाच सर्वांत सोपा इलाज ठरतो. त्यात 'नियम तयार करा' या नावाने सुरक्षा वाढल्याचाच भास होतो. आम्ही साधनाचे नाव 'पत्त्यांना प्रवेश द्या' असे ठेवले असते.