प्रवासवर्णनकार कोणाला म्हणावे?

मराठी समीक्षा प्रवासवर्णनकाराकडे काय मागते? रसिक नजर, खेळकर वृत्ती, चित्रमय भाषा. १९६० साली पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आले आणि पांढरपेशा वाचकाच्या मनात ही कसोटी पक्की बसली. त्या पुस्तकाची गोडी मी नाकारीत नाही. प्रश्न असा, की ही खेळकर वृत्ती परवडते कोणाला? ज्याला वाटेत ‘तू कोण?’ असे दरडावून कोणी विचारीत नाही, त्याला.

इथे गरिबीचा मुद्दा पुढे केला जाईल. तो पुरेसा नाही. वरसईचे गोडसे भटजीही दक्षिणेच्या आशेनेच घराबाहेर पडले, १८५७ च्या बंडात सापडले, लुटले गेले. १९०७ साली छापलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ थोर आहेच. पण नदीचे पाणी प्यायला भटजींना कोणाची परवानगी लागली नाही.

म्हणूनच बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मी प्रवासवर्णन म्हणून वाचतो. १९९० साली पुस्तिकारूपाने निघालेले हे लेखन आपण आत्मकथनाच्या कप्प्यात ठेवून मोकळे होतो. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली मुले पाहा. दुप्पट भाडे, शिवाय गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे, या अटीवर गाडी मिळते. शिदोरी भरपूर आहे, पाणी नाही. मुले उपाशी झोपतात. १९३४ सालचा दौलताबाद घ्या. दुसरा लेखक तिथे खंदक, तोफा, भुयारी वाट यांत रमला असता. बाबासाहेब वेशीजवळच्या हौदापाशी थांबतात, कारण त्यांना तिथेच थांबवले गेले. विशेषणांची उधळण नाही. वाहन कोण हाकतो, पाणी कोण देतो, रात्री पाठ कुठे टेकायची, एवढेच. माझ्या मते प्रवासवर्णनाचा पाया हाच आहे. निसर्गवर्णन हा वरचा मजला.

आमच्या कारध्यातल्या पोरांना मी प्रवासवर्णन लिहायला सांगतो, तेव्हा ती ताजमहाल लिहितात. न पाहिलेला! शाळेच्या निबंधमालेने लावलेली ही सवय. वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, आणि तिथून साठेक किलोमीटरवर नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेला लाखो माणसे त्या शहरात लोटली. त्यांच्या सभेची वर्णने आपल्याकडे आहेत, भाषणेही आहेत. वाटेची वर्णने किती आहेत? तेव्हा विशीत असलेला माणूस आज नव्वदीला टेकला आहे. त्याचा प्रवास लिहायचा राहिला तर तो त्याच्याबरोबरच जाईल. मग आपल्या समीक्षकांनी ‘दलित साहित्यात प्रवासवर्णन नाही’ असा शेरा मारायचा!

तेव्हा लेखक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने विमानाच्या तिकिटाची वाट पाहू नये. आधी घरातल्या आजीजवळ वही घेऊन बसावे. नागपूरला कशाने गेलीस? बरोबर कोण होते? भाकरी किती दिवसांच्या बांधल्या होत्या? वाटेत पाणी कोणी दिले, आणि कोणी दिले नाही?